धर्मादाय संस्था आणि ग्रामीण आरोग्य : जामखेड प्रकल्पाचा अभ्यास

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेसाठी जो अभ्यासक्रम आहे, त्यात विकास प्रक्रियेतील स्वयंसेवी संस्था, स्वयंसहायता गट, देणगीदार आणि धर्मादाय संस्था यांच्या भूमिकेचा स्पष्ट उल्लेख आहे. दिल्लीत राजेंद्रनगर वा मुखर्जीनगर परिसरात राहून तयारी करणारे विद्यार्थी असोत किंवा पुण्या-नागपूरच्या अभ्यासिकांत बसणारे असोत, बहुतेकांच्या वहीत या घटकाखाली एक ठरावीक वाक्य आढळते : ‘स्वयंसेवी संस्था शासनाला पर्याय नसून पूरक आहेत.’ हे वाक्य चुकीचे नाही. मात्र ते कोणत्याही पुराव्यावाचून लिहिता येते, हा त्याचा मोठा दोष आहे. पूरक म्हणजे नेमके काय? संस्थेने केलेले काम शासनाने उचलावे, की शासनाने टाळलेले काम संस्थेने करावे? आणि संस्थेच्या कामाचे यश मोजायचे कशाने?

या प्रश्नांची उत्तरे एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे शोधणे अधिक फलदायी ठरते. त्यासाठी प्रस्तुत लेखात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथील समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची निवड केली आहे. ख्रिस्ती सेवाभावनेतून १९७० साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने घेतली. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ स्वयंसेविकेची जी संकल्पना साकारली, तिच्याशीही त्याचे जवळचे नाते आहे.

धर्मादाय संस्था का निर्माण होतात?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बाजारपेठ नफ्यासाठी वस्तू व सेवा पुरवते. बाजारपेठ जे पुरवू शकत नाही, ते शासन करांच्या आधारे पुरवते. मग या दोहोंच्या मध्ये तिसरे क्षेत्र कशासाठी? बर्टन वाइसब्रॉड यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार लोकशाहीतील शासन साधारणतः बहुसंख्य मतदारांच्या मागणीनुसार सार्वजनिक सेवा पुरवते. ज्यांची गरज त्याहून वेगळी वा अधिक असते, त्यांची मागणी अपुरी राहते आणि ती भरून काढण्यासाठी स्वयंसेवी संस्था पुढे येतात. हेन्री हान्समन यांनी १९८० मध्ये दुसरे कारण पुढे आणले. ज्या सेवेचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नाही, तेथे नफा वाटून न घेणाऱ्या संस्थेवर तो अधिक विश्वास ठेवतो. आरोग्यसेवा हे याचे ठळक उदाहरण होय. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील माहितीच्या विषमतेचे विवेचन केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच केले होते.

परंतु तिसऱ्या क्षेत्रालाही स्वतःच्या मर्यादा आहेत. लेस्टर सॅलॅमन यांनी १९८७ मध्ये त्यांना ‘स्वयंसेवी क्षेत्राचे अपयश’ असे संबोधून त्याचे चार प्रकार सांगितले. पहिला, अपुरेपणा : देणग्यांतून गरजेइतका निधी उभा राहत नाही. दुसरा, विशिष्टता : संस्था काही ठरावीक प्रदेशाकडे वा गटाकडेच लक्ष देते. तिसरा, पालकशाही : काय करायचे हे लाभार्थी ठरवत नाहीत, पैसा व ज्ञान ज्यांच्या हाती आहे ते ठरवतात. चौथा, अव्यावसायिकता : सद्भावना असते, कौशल्य नसते. जामखेडच्या प्रकल्पाकडे याच चार कसोट्या हाती घेऊन पाहावयाचे आहे.

मिशन रुग्णालयांची परंपरा

भारतातील आधुनिक वैद्यकीय सेवेच्या विस्तारात ख्रिस्ती मिशन संस्थांचा वाटा मोठा आहे. दिल्लीत १८८५ साली चांदणी चौकात सेंट स्टीफन्स रुग्णालय सुरू झाले, ते प्रामुख्याने स्त्रिया व मुले यांच्यासाठी. महाराष्ट्रात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे रुग्णालयाची पायाभरणी केली. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली वेल्लोर येथे सुरू केलेल्या छोट्या दवाखान्यातून पुढे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उभे राहिले. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते; शाळा, छापील साहित्य आणि दुष्काळातील मदतकार्य ही त्याची अंगे होती. पंडिता रमाबाईंनी १८९६ नंतरच्या दुष्काळात निराधार मुलींसाठी केडगाव येथे उभारलेले मुक्ती मिशन याच काळातील होय.

या परंपरेची एक मर्यादा विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट होऊ लागली. रुग्णालय एका ठिकाणी उभे राहते आणि रुग्ण त्याच्याकडे येतो. जो येऊ शकत नाही, तो त्याच्या कक्षेबाहेर राहतो. जो येतो, तो बरा होऊन त्याच दूषित पाण्याकडे आणि त्याच रिकाम्या डब्याकडे परततो. १९६८ मध्ये चर्चच्या जागतिक परिषदेने जिनिव्हा येथे ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केले, त्यामागे हीच अस्वस्थता होती. चर्चशी संलग्न रुग्णालयांचा बहुतेक खर्च उपचारांवर होत होता आणि प्रतिबंधाकडे दुर्लक्ष होत होते.

भारतात या काळात परदेशी मिशन संस्था आपली रुग्णालये भारतीयांच्या हाती सोपवीत होत्या. त्यातून दोन वेगवेगळे मार्ग निघाले. उत्तर भारतातील ग्रामीण मिशन रुग्णालये एकत्र आणून दिल्लीत मुख्यालय असलेली इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही संघटना १९७० च्या सुमारास उभी राहिली. बिहारमधील रक्सौलसारख्या ठिकाणची रुग्णालये एका भारतीय व्यवस्थापनाखाली टिकवून धरणे हा तिचा मार्ग होता. दुसरा मार्ग जामखेडने निवडला. तो रुग्णालयाकडून गावाकडे जाणारा होता.

जामखेडची सुरुवात

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. रजनीकांत मूळचे नगर जिल्ह्याचे, तर मेबल यांचा जन्म जबलपूरचा. विवाहानंतर नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. तेथे येणाऱ्या रुग्णांचे बहुतांश आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि बरे झालेले रुग्ण पुन्हा पुन्हा त्याच तक्रारी घेऊन परततात, हे त्यांच्या ध्यानी आले. १९६६ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास पूर्ण करून १९७० मध्ये ते परतले व त्यांनी जामखेड हे कार्यक्षेत्र निवडले.

हा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात, बीड जिल्ह्याच्या सीमेवर आहे. अनियमित पाऊस, कोरडवाहू शेती, ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर आणि जातीची घट्ट उतरंड ही तेथील परिस्थिती होती. प्रकल्पाचे काम जेमतेम सुरू होते न होते, तोच १९७०–७३ या काळातील दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला. गावांची पहिली मागणी डॉक्टरची नव्हती. पाण्याची आणि अन्नाची होती. प्रकल्पाने ती मागणी प्रथम हाती घेतली. बालकांसाठी सामूहिक आहार केंद्रे सुरू झाली आणि कूपनलिका खोदण्यात आल्या. हातपंपासाठी शक्य तेथे दलित वस्तीतील जागा निवडली गेली. पाणी हवे असेल, तर इतरांनाही तेथे यावे लागणार होते. समतेवरील व्याख्यानाने जे सहजासहजी साधले नसते, ते पंपाची जागा निवडल्याने साधू लागले.

गावातील पुरुषांना एकत्र आणण्यासाठी शेतकरी मंडळे स्थापन झाली. त्यांचा आरंभ अनेक ठिकाणी व्हॉलीबॉलच्या खेळापासून झाला. कारण खेळताना कोणत्या जातीचा चेंडू कोणी घ्यावयाचा हा प्रश्न उरत नाही. पुढे याच मंडळांनी मृदसंधारण, वृक्षलागवड आणि गावातील आरोग्याच्या पाहणीत सहभाग घेतला. महिला मंडळे त्यानंतर आली आणि बचत, कर्ज व लघुउद्योग यांच्या आधारे स्थिरावली.

ग्राम आरोग्य सेविका : व्यवस्थेचा कणा

प्रारंभी प्रकल्पाने प्रशिक्षित परिचारिका गावात नेमून पाहिल्या. तो प्रयत्न फसला. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला गावात एकटीने राहणे कठीण जाई आणि गावातील स्त्रियाही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. तेव्हा गावातीलच एखाद्या स्त्रीला का शिकवू नये, असा विचार गावकऱ्यांशी झालेल्या चर्चेतून पुढे आला. ग्राम आरोग्य सेविकेची कल्पना अशी एका अपयशातून जन्मली, ही बाब विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. अनेकजणी दलित समाजातील, काही विधवा वा परित्यक्ता होत्या. गावात त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. त्या आठवड्यातून ठरावीक दिवशी जामखेडला येत, एकत्र राहत, एकाच पंक्तीला जेवत आणि शिकत. अक्षरओळख ही अट नव्हती. गोष्टी, गाणी आणि चित्रे यांच्या साहाय्याने शिक्षण चाले. गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी देणे, बालकाचे वजन, कुटुंबनियोजन, क्षय व कुष्ठरोगाची लवकर ओळख आणि कोणत्या रुग्णाला त्वरित रुग्णालयात पाठवावे याचा निर्णय, असे हे ज्ञान होते. एकदा प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र हाती ठेवण्याची ही पद्धत नव्हती. शिकणे वर्षानुवर्षे चालू राहिले. गेल्या आठवड्यात गावात आलेली अडचण हाच पुढच्या आठवड्याचा धडा असे.

व्यवस्था तीन स्तरांची होती. गावात आरोग्य सेविका. तिच्या पाठीशी गावोगावी नियमित फिरणारे आरोग्य पथक. आणि शेवटी जामखेडचे रुग्णालय. रुग्णालयात शुल्क घेतले जाई, पण ते परवडणारे ठेवण्यावर भर असे. कृत्रिम अवयवांची, जयपूर फूटची कार्यशाळाही पुढे तेथे सुरू झाली. सेविकांना प्रारंभी अल्प मानधन होते. पुढे त्यांची उपजीविका लहान कर्जे व स्वतःचे उद्योग यांवर उभी राहावी, अशी दिशा ठेवण्यात आली.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर ॲरो यांनी वर्णन केलेली माहितीची विषमता जामखेडने खालच्या पातळीवर कमी केली. एरवी डॉक्टरपाशी साठून राहणाऱ्या ज्ञानाचा मोठा भाग गावातल्या एका स्त्रीकडे आणि तिच्यामार्फत शेजारणींकडे गेला. ज्ञान ही अशी वस्तू आहे की, ती दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याकडची कमी होत नाही. औषधाची बाटली संपते. अतिसारात काय करावे हे ज्या आईला कळले, तिचे ज्ञान संपत नाही. धर्मादायाचा पैसा बाटल्यांवर खर्च करावा की या ज्ञानावर, हा प्रश्न त्यामुळे केवळ भावनेचा न राहता खर्चाच्या परिणामकारकतेचा ठरतो.

आकडे काय सांगतात?

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये कार्यक्षेत्रातील अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. १९९६ पर्यंत तो २६ वर आला. जन्मदर ४० वरून २० पर्यंत उतरला. हे आकडे सर्वत्र उद्धृत केले जातात आणि ते निःसंशय प्रभावी आहेत. तथापि, अभ्यासकाने येथे थांबावयाचे नसते.

पहिला प्रश्न असा की, याच काळात देशात काय घडत होते? नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये १२९ आणि १९९६ मध्ये ७२ होता. म्हणजे देशभर घट होतच होती. जामखेडमधील घट तिच्याहून पुष्कळ अधिक होती. परंतु केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करून संपूर्ण फरकाचे श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. रस्ते, लसीकरण, शासकीय आरोग्य केंद्रे आणि शिक्षण यांचाही त्यात वाटा असतो. खरा प्रश्न ‘प्रकल्प नसता, तर याच गावांत काय घडले असते?’ हा असतो.

याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पातील गावे आणि प्रकल्पाबाहेरील तुलनायोग्य गावे यांतील स्त्रियांकडून त्यांच्या अपत्यांच्या जन्म-मृत्यूची माहिती घेऊन तुलना करण्यात आली. जात, मातेचे शिक्षण, आर्थिक स्थिती इत्यादी घटक विचारात घेतल्यानंतर असे आढळले की, जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत पाच वर्षांपर्यंतच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांमध्ये सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातील मृत्यूंबाबत मात्र दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष दोन कारणांसाठी मोलाचा आहे. एक, तो स्तुतिपर आकड्यांपेक्षा मर्यादित असला, तरी अधिक विश्वसनीय आहे. आजूबाजूची गावेही सुधारत असताना आणि जामखेडचे रुग्णालय त्यांनाही खुले असताना ३० टक्क्यांचा फरक टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे. दोन, तो प्रकल्पाची सीमाही दाखवतो. अतिसार, कुपोषण, न्यूमोनिया यांपासून मोठ्या बालकाचे रक्षण करण्यासाठी लागणारे ज्ञान आणि नवजात अर्भकाला पहिल्या काही दिवसांत वाचविण्याचे कौशल्य यांत अंतर आहे. हे दुसरे कौशल्यही गावातील स्त्रीला शिकवता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखविले. त्यांचा घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका संस्थेने जेथे थांबावे, तेथून दुसरीने पुढे जावे, हेच स्वयंसेवी क्षेत्राचे खरे सामर्थ्य होय.

शासनाने काय घेतले आणि काय राहिले?

जामखेडचा अनुभव लवकरच जगापुढे गेला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चालणाऱ्या आरोग्य प्रकल्पांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा समावेश होता. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्यामागील अनुभवांत जामखेडची गणना होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषणने गौरविण्यात आले.

भारत सरकारनेही श्रीवास्तव समितीच्या १९७५ मधील शिफारशींच्या आधारे २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. बहुतांश कार्यकर्ते पुरुष होते. निवडीत स्थानिक वजनदारांचा प्रभाव पडला, पुढील मार्गदर्शन तुटपुंजे राहिले आणि योजना हळूहळू निष्प्रभ झाली. बाह्य रचना तीच होती. परंतु सेविकेच्या पाठीशी उभी असणारी व्यवस्था नव्हती.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणतः दर हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ नेमण्याचे ठरले. या वेळी पूर्वानुभवातून धडा घेण्यात आला होता. कार्यकर्ती स्त्रीच असावी आणि ती त्याच गावची रहिवासी असावी, या अटी निश्चित झाल्या. २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवेचे कामही तिच्याकडे आले. आज देशात सुमारे दहा लाख आशा काम करतात. कोविडच्या काळातील त्यांच्या सेवेनंतर मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक गौरव केला. जामखेड काही शे गावांपर्यंत पोहोचू शकले, शासन लाखो गावांपर्यंत पोहोचले. व्याप्ती ही शासनाचीच ताकद आहे, याविषयी दुमत नसावे.

परंतु तीन फरक विचारात घ्यावे लागतात. पहिला, आशासाठी सामान्यतः आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट आहे. त्यामुळे सर्वांत वंचित घरातील स्त्री अनेकदा निवडीतून वगळली जाते. दुसरा, प्रारंभीचे प्रशिक्षण २३ दिवसांचे, टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले. जामखेडमध्ये ते अखंड होते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक मोबदल्याच्या रचनेचा. आशाला स्वयंसेविका मानून प्रामुख्याने कामागणिक मोबदला दिला जातो. संस्थेतील प्रसूती, लसीकरण अशी मोजता येणारी कामे केल्यावर पैसे मिळतात. साहजिकच जे मोजले जाते त्याकडे लक्ष वळते. एखाद्या सुनेच्या घरी बसून तिची अडचण ऐकण्याचे काम कोणत्याही तक्त्यात बसत नाही. अर्थशास्त्रातील प्रोत्साहनांच्या सिद्धांतात ही अडचण सुपरिचित आहे. ‘स्वयंसेविका’ या शब्दाआड दहा लाख स्त्रियांचे श्रम अल्प मोबदल्यात वापरले जात नाहीत ना, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. धर्मादाय संस्थेतील सेवाभाव आणि शासनाने गृहीत धरलेला सेवाभाव यांत नैतिक अंतर आहे. पहिला स्वीकारलेला असतो. दुसरा योजनेच्या रचनेतच घातलेला असतो.

शहरी गरिबांसाठीही हीच पद्धत उपयुक्त ठरल्याचे दिल्लीत दिसते. १९८८ मध्ये दक्षिण दिल्लीतील झोपडपट्टीत पटकीची साथ आली असता बालरोगतज्ज्ञ डॉ. किरण मार्टिन यांनी काम सुरू केले. त्यातून ‘आशा’ याच नावाची संस्था उभी राहिली (शासकीय योजनेशी तिच्या नावाचे साम्य केवळ योगायोगाचे). वस्तीतील स्त्रियांना आरोग्य स्वयंसेविका म्हणून तयार करणे हाच तिच्या कार्याचा पाया होता.

चार कसोट्या

आता सॅलॅमन यांच्या कसोट्यांकडे वळू. पालकशाहीच्या कसोटीवर जामखेड सर्वाधिक यशस्वी ठरते. पाणी आधी, दवाखाना नंतर हा क्रम गावांनी ठरविला. सेविकेची कल्पनाही चर्चेतून आली. अव्यावसायिकतेचा आक्षेपही टिकत नाही. संस्थापकांपाशी वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण होते आणि नोंदी ठेवण्याची शिस्त होती. विशिष्टतेबाबत असे म्हणता येईल की, संस्थेची प्रेरणा ख्रिस्ती असली, तरी सेविका आणि लाभार्थी विविध जातिधर्मांचे होते. भौगोलिक विशिष्टता मात्र राहिलीच. जामखेडला आरोळे मिळाले, शेजारच्या कित्येक तालुक्यांना कोणीच मिळाले नाही. अपुरेपणा हा तर अटळ होता. प्रकल्पाच्या आरंभी परदेशी चर्च संस्थांचे साहाय्य महत्त्वाचे होते आणि देणगीवर चालणारे काम देणगीच्या मर्यादेतच राहते.

या शेवटच्या मुद्द्याला आज कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या जातात. याच अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. दिल्लीत सवलतीच्या दराने भूखंड मिळालेल्या खासगी रुग्णालयांवर आंतररुग्ण विभागात १० टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के मोफत सेवेचे बंधन असून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले. परदेशी निधीसाठी २०१० चा परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम लागू आहे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे असा निधी वळविण्यास मनाई केली आणि हा निधी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात जमा होणे बंधनकारक केले. पारदर्शकता वाढविणे हा त्यामागील हेतू. मात्र ज्या लहान ग्रामीण संस्था मोठ्या संस्थेमार्फत निधी मिळवीत, त्यांच्यासाठी ही वाट बंद झाली. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. हा देशी निधीचा नवा स्रोत आहे. परंतु तो इमारती व उपकरणे यांसारख्या दृश्य कामांकडे झुकण्याचा धोका असतो. सेविकेच्या अखंड शिक्षणाचे छायाचित्र काढता येत नाही.

समारोप

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तरीही कोरडवाहू तालुक्यातील कुटुंबाला आजारपणासाठी शेळी विकावी लागते, तेव्हा हे टक्के त्याच्या उपयोगी पडत नाहीत. त्याच्या उपयोगी पडते ती आजार वेळीच ओळखणारी शेजारीण.

जामखेडचा धडा एका वाक्यात सांगावयाचा, तर असा : धर्मादाय संस्थेने किती जणांना मदत केली यापेक्षा किती बाबतींत लोकांना तिच्या मदतीची गरज उरली नाही, हे तिच्या यशाचे माप होय. या अर्थाने ती शासनाला पूरक ठरते. ती मार्ग शोधते, चुका करते, त्या सुधारते आणि सिद्ध झालेला मार्ग समाजाच्या स्वाधीन करते. तो सर्वांपर्यंत नेण्याची जबाबदारी संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार शासनाची आहे. मात्र नेताना केवळ पदनाम आणि तक्ता नेला व त्यामागील विश्वास, सातत्य आणि सन्मान मागे राहिला, तर १९७७ ची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘आधी’ व ‘नंतर’च्या आकड्यांवरून एखाद्या प्रकल्पाचे यश ठरविण्यातील अडचणी जामखेडच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. १९७७ ची ग्राम आरोग्य योजना आणि २००५ ची आशा योजना यांची निवड, प्रशिक्षण व मोबदला या मुद्द्यांवर तुलना करा.
३. सॅलॅमन यांनी सांगितलेल्या चार मर्यादांच्या आधारे आपल्या जिल्ह्यातील एखाद्या स्वयंसेवी संस्थेचे मूल्यमापन करा.
४. परदेशी निधीच्या नियमनात पारदर्शकता आणि लहान संस्थांचे अस्तित्व यांत समतोल कसा साधता येईल? चर्चा करा.